घरच्या संगणकासाठी भरवशाची फायरवॉल निवडताना

घरी नवा लॅपटॉप आला की अँटिव्हायरस कोणता घ्यावा, याची चौकशी बहुतेक जण करतात. फायरवॉलची, म्हणजे संगणकाच्या नेटवर्क-जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, चौकशी क्वचितच होते, आणि झाली तरी ‘एखादी चांगली फायरवॉल सांगा’ एवढ्यावरच थांबते. हा प्रश्न नुसते नाव कळल्याने सुटत नाही. आपला संगणक कोणत्या नेटवर्कला जोडलेला असतो, त्यावर आधीपासून काय चालू आहे आणि फायरवॉल वेळोवेळी जे प्रश्न विचारील त्यांची विचारपूर्वक उत्तरे देण्याची आपली किती तयारी आहे, या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या की निवड बरीच सोपी होते. पुढील पायऱ्या मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठीची माहिती योग्य त्या ठिकाणी दिली आहे.

फायरवॉलचे काम आणि त्या कामाची मर्यादा

संगणकाकडे येणारी आणि त्याच्याकडून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते. ते पॅकेट कोठून आले, कोठे चालले आहे आणि कोणत्या पोर्टसाठी, म्हणजे संगणकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारासाठी, आहे, याची नोंद त्यावरच असते. फायरवॉल ही नोंद आपल्या नियमांशी ताडून पाहते आणि पॅकेट पुढे सोडायचे की टाकून द्यायचे हे ठरवते. आपण ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडले, तर त्याचे उत्तर येणार हे फायरवॉलला ठाऊक असते, कारण जोडणी आपल्या बाजूने सुरू झालेली असते. कोणीही न मागवलेली जोडणी बाहेरून आत येऊ पाहत असेल, तर तिला परवानगी देणारा नियम नसल्यास ती अडवली जाते. अशी गाळणी राउटरमध्येही असते. मात्र जोडणी नेमका कोणता प्रोग्राम करतो आहे, हे फक्त संगणकावरच्या सॉफ्टवेअर फायरवॉललाच कळू शकते.

आत येणाऱ्या जोडण्या अडवणे किती महत्त्वाचे आहे, हे ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, दाखवून दिले. त्याने विंडोजच्या एका सेवेतील त्रुटीचा फायदा घेऊन १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून संगणकात प्रवेश केला. त्यासाठी वापरकर्त्याने ईमेल उघडण्याची किंवा कशावर क्लिक करण्याची गरजच नव्हती; संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विंडोज एक्सपीमध्ये त्या वेळीही फायरवॉल होती, पण ती सहसा बंद असे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा वर्म ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून पसरला, तेव्हाही मार्ग तसाच होता. त्या त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता आणि ज्यांचे ते पोर्ट इतरांसाठी उघडे होते, त्यांचे संगणक त्याच्या तावडीत सापडले.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. आपणच उघडलेली खोटी बँकेची साइट, आपणच चालवलेली संशयास्पद फाइल किंवा फोनवरच्या माणसाला आपणच सांगितलेला ओटीपी, यांपैकी काहीही फायरवॉल थांबवत नाही. एनीडेस्कसारखे दूरस्थ मदतीचे ॲप बसवायला लावून खात्यातले पैसे काढून घेण्याच्या प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. अशी ॲप स्वतः बाहेर जाणारी जोडणी करतात आणि तिला वापरकर्त्याची संमती असते, म्हणून फायरवॉलच्या दृष्टीने ती जोडणी वैधच ठरते. ‘आता मी पूर्ण सुरक्षित आहे’ असे सांगून जे उत्पादन विकले जाते, त्याकडे या कारणानेच सावधपणे पाहावे.

पहिली पायरी: आहे ते पाहून घ्यावे

नवे काही उतरवून घेण्यापूर्वी विंडोजच्या शोधपट्टीत ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून ती खिडकी उघडावी आणि ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ या भागात जावे. तेथे डोमेन (कार्यालयांसाठीचे), प्रायव्हेट आणि पब्लिक अशी तीन नेटवर्क दिसतात आणि सध्या वापरात असलेल्या नेटवर्कपुढे ‘ॲक्टिव्ह’ असे लिहिलेले असते. तिन्ही ठिकाणी फायरवॉल चालू असल्याची खात्री करावी. एखाद्या अँटिव्हायरस संचाने फायरवॉलचे काम स्वतःकडे घेतले असेल, तर त्याचे नावही येथेच दिसते. नव्या लॅपटॉपवर असा संच बरेचदा काही दिवसांच्या चाचणी परवान्यासह आधीच बसवलेला असतो आणि घरातल्या कोणालाही त्याची कल्पना नसते.

प्रायव्हेट आणि पब्लिक यांतील फरक बऱ्याच घरांत दुर्लक्षित राहतो, पण फायरवॉलचे निम्मे वागणे त्यावर ठरते. प्रायव्हेट म्हणून नोंदवलेल्या नेटवर्कवर इतर उपकरणांना आपला संगणक दिसू शकतो आणि फाइल किंवा प्रिंटर सामायिक करता येतो. पब्लिक नेटवर्कवर हे बंद असते. वसतिगृहाचे, हॉटेलचे, रेल्वे स्थानकावरचे किंवा पुण्या-मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांचे सामायिक वायफाय नेहमी पब्लिकच ठेवावे. घरचे वायफायसुद्धा, संगणकांमध्ये आपसांत काही वाटून घ्यायचे नसेल, तर पब्लिक ठेवायला कोणतीच हरकत नाही. इंटरनेटचा वेग त्याने कमी होत नाही.

याच वेळी राउटरकडेही लक्ष द्यावे. त्याचा मूळ पासवर्ड बदललेला असावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ या इंटरनेटवरील पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठीची फायरवॉल चालू असावी. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत घरातली सारी उपकरणे राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे राहतात, त्यामुळे बाहेरून थेट संगणकापर्यंत पोचणे आपोआपच कठीण होते. आयपीव्ही६ मध्ये मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो, आणि भारतात जिओसारख्या कंपन्यांमुळे आयपीव्ही६ चा वापर घरोघरी पोचलेला आहे. म्हणून ‘राउटर आहे ना, मग संगणकावरची फायरवॉल कशाला’ हा युक्तिवाद आता पटण्यासारखा नाही. शिवाय स्मार्ट टीव्ही, कॅमेरा आणि पाहुण्यांचे फोन राउटरच्या आतल्याच बाजूला असतात. त्यांच्यापैकी एखादे बाधित झाले, तर संगणकाचे रक्षण करायला संगणकावरचीच फायरवॉल उरते.

दुसरी पायरी: आपली गरज ठरवावी

विंडोजची स्वतःची फायरवॉल, वेगळा नियम नसेल तर, आत येणाऱ्या जोडण्या अडवते आणि बाहेर जाणाऱ्या सोडते. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास आणि घरगुती हिशेब एवढाच वापर असलेल्या घराला हे पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर नियंत्रण हवे असेल, तेव्हाच वेगळ्या साधनाचा विचार करावा. एखादे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर वारंवार कोणाशी संपर्क साधते, मोबाइल हॉटस्पॉटवरचा डेटा कोणता प्रोग्राम संपवतो, घरातून व्यवसाय करताना ग्राहकांची माहिती असलेल्या संगणकावरून कोणत्या प्रोग्रामांनी बाहेर बोलावे, असे प्रश्न ज्यांना खरोखर पडतात त्यांना अशा साधनाचा उपयोग होतो. मात्र त्यालाही मर्यादा आहे. प्रशासकाचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याचे, अधिकार मिळालेला घातक प्रोग्राम फायरवॉलचे नियम स्वतःच बदलू शकतो किंवा परवानगी असलेल्या ब्राउझरच्या आडून माहिती पाठवू शकतो. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरचे नियंत्रण लक्ष ठेवण्यासाठी आणि खासगीपणा जपण्यासाठी उपयुक्त आहे. संगणकात शिरलेल्या व्हायरसला कोंडून ठेवण्याची हमी म्हणून त्याकडे पाहू नये.

तिसरी पायरी: भरवसा कशावरून ठरवावा

सर्वांत आधी ती फायरवॉल विंडोजच्या आत किती खोल शिरते, हे पाहावे. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने पॅकेट गाळण्याची एक यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टिममध्येच दिली आहे. टायनीवॉल किंवा विंडोज फायरवॉल कंट्रोल यांसारखी साधने स्वतःचा ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा प्रोग्राम) न बसवता याच यंत्रणेला कामाला लावतात आणि आपल्याला नियम ठरवण्याची सोयीची खिडकी देतात. नवख्या वापरकर्त्यासाठी ही पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते, कारण ड्रायव्हरमध्ये बिघाड झाला तर त्याचा परिणाम सबंध संगणकावर होतो, आणि ड्रायव्हरच नसेल तर ती एक चिंता मुळातच कमी होते.

दुसरी कसोटी सातत्याने होणाऱ्या दुरुस्त्यांची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. फायरवॉल प्रत्येक पॅकेट वाचते, म्हणून तिच्यातच त्रुटी असेल तर हल्लेखोराला तीच वाट मिळते. मार्च २००४ मध्ये विटी नावाचा वर्म ब्लॅकआइस या त्या काळी प्रचलित असलेल्या फायरवॉलमधील आणि तिच्या निर्मात्यांच्या अन्य उत्पादनांमधील त्रुटीतून पसरला. त्रुटी जाहीर झाल्यावर साधारण एका दिवसात तो बाहेर पडला होता, आणि बाधित संगणकाच्या हार्ड डिस्कवर तो निरर्थक माहिती लिहून आतला मजकूर नष्ट करत असे. संरक्षणासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरमुळेच ते संगणक बळी पडले. म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावर ताज्या आवृत्तीची तारीख आणि दुरुस्त्यांची यादी पाहावी. बराच काळ एकही नवी आवृत्ती आली नसेल, तर जुना लौकिक कितीही मोठा असला तरी ते साधन निवडू नये.

त्यानंतर निर्मात्याचे उत्पन्न कोठून येते, हा प्रश्न विचारावा. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्याशी केव्हा बोलला, ही सगळी माहिती फायरवॉलच्या हाती असते. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधून गोळा झालेली ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्हास्ट या कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले, हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. मोफत साधन वाईटच असते असे नाही. पण ते मोफत का आहे, याचे उत्तर निर्मात्याच्या गोपनीयता धोरणात सापडले पाहिजे. मुक्त स्रोत साधनांचा कोड कोणालाही तपासता येतो, ही त्यांची जमेची बाजू आहे.

परवाना संपल्यावर काय होते, हे विकत घेण्याआधीच विचारून घ्यावे. अँटिव्हायरस संचातील फायरवॉल चालू झाली की ती विंडोजच्या फायरवॉलची जागा घेते. वर्षभराने नूतनीकरण राहून गेले आणि संचाने काम थांबवले, तर विंडोजची फायरवॉल पुन्हा चालू झाली आहे की नाही, हे पहिल्या पायरीतील खिडकीत जाऊन स्वतः पाहावे. असा संच काढून टाकतानाही निर्मात्याने दिलेले अनइन्स्टॉल साधन वापरावे आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तीच खिडकी तपासावी.

शेवटची कसोटी फायरवॉलच्या बोलण्याची. चांगली फायरवॉल क्वचित विचारते आणि विचारते तेव्हा प्रोग्रामचे नाव, फाइलचा संपूर्ण मार्ग, प्रकाशकाची डिजिटल सही, जोडणीची दिशा आणि समोरचा पत्ता दाखवते. दर थोड्या वेळाने ‘धोका अडवला’ अशी पाटी झळकवणारी फायरवॉल अधिक दक्ष असते, हा गैरसमज आहे. अशा पाट्यांना कंटाळून माणूस न वाचता ‘अलाऊ’ दाबू लागतो, आणि मग फायरवॉल असून नसल्यासारखी होते.

चौथी पायरी: साधन निवडावे आणि योग्य ठिकाणाहून घ्यावे

विंडोजवर अंगभूत फायरवॉल चालू ठेवून, गरज असल्यास टायनीवॉल किंवा विंडोज फायरवॉल कंट्रोल यांपैकी एक जोडीला घ्यावे. टायनीवॉल परवानगी नसलेल्या प्रोग्रामांना न विचारता अडवते आणि ज्यांना मोकळीक द्यायची ते आपण स्वतः निवडून द्यायचे असतात. त्यामुळे सुरुवातीला थोडा त्रास होतो, पण नंतर शांतता मिळते. विंडोज फायरवॉल कंट्रोल हे बिनिसॉफ्टचे साधन २०१८ पासून मालवेअरबाइट्स या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीकडे आहे. ग्लासवायरमध्ये कोणत्या प्रोग्रामने किती डेटा वापरला याचा आलेख उत्तम दिसतो, तर पोर्टमास्टर हे मुक्त स्रोत साधन विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पुण्याच्या क्विक हीलचा संच असतो. त्याच्या ज्या आवृत्तीत फायरवॉल आहे ती घेतलेली असेल, तर आणखी वेगळी फायरवॉल बसवू नये. दोन फायरवॉल एकाच वेळी चालवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. जोडणी कोणी अडवली हे कळेनासे होते आणि कधी कधी इंटरनेटच बंद पडते.

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क’ विभागात अंगभूत फायरवॉल असते. ती चालू आहे का ते आवर्जून पाहावे, कारण अनेक मॅकवर ती बंदच असते. ती केवळ आत येणाऱ्या जोडण्यांकडे पाहते. बाहेर जाणाऱ्यांसाठी लुलू हे मोफत आणि मुक्त स्रोत साधन किंवा लिटल स्निच हे विकतचे साधन वापरता येते. लिनक्सवर उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असते, पण ती आपण चालू करावी लागते. फेडोरामध्ये फायरवॉलडी आधीपासूनच चालू असते.

साधन नेहमी निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवावे. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो आणि तो नकली पानाकडे नेऊ शकतो. उतरवलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या टॅबवर निर्मात्याचे नाव पाहावे. सहीच नसेल किंवा नाव भलतेच असेल, तर ती फाइल चालवू नये.

पाचवी पायरी: पहिले काही दिवस लक्ष द्यावे

बसवण्यापूर्वी पहिल्या पायरीतील खिडकीतल्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधील ‘एक्स्पोर्ट पॉलिसी’ वापरून सध्याचे नियम एका फाइलमध्ये जतन करावेत. काही साधनांत ‘लर्निंग मोड’ असतो. त्या काळात जे प्रोग्राम चालतील त्यांना परवानगी दिली जाते. म्हणून संगणक आधी अँटिव्हायरसने तपासून घ्यावा, अन्यथा आत असलेल्या घातक प्रोग्रामलाही कायमची परवानगी मिळून बसेल.

विंडोजच्या अंगभूत फायरवॉलची जी खिडकी सर्वांना केव्हा ना केव्हा दिसते, ती नीट वाचायला शिकावे. समजा, मुलाने नवा खेळ बसवला आणि तो प्रथमच सुरू केला. फायरवॉलने या ॲपची काही वैशिष्ट्ये अडवली आहेत, असे सांगणारी खिडकी येते. तिच्यात नाव, प्रकाशक आणि फाइलचा मार्ग असतो आणि नेटवर्कांपुढे खुणेचे चौकोन असतात. आपण आत्ताच हा प्रोग्राम सुरू केला आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. केला नसेल, तर ‘कॅन्सल’ दाबावे. मग मार्ग पाहावा. ‘प्रोग्राम फाइल्स’मधला प्रोग्राम अपेक्षित ठिकाणी आहे, ‘टेम्प’ फोल्डरमधला असेल तर शंका घ्यावी. पब्लिकपुढची खूण काढून टाकावी. ही परवानगी आत येणाऱ्या जोडण्यांसाठी आहे, म्हणून ‘कॅन्सल’ दाबले तरी बहुतेक प्रोग्राम इंटरनेट वापरू शकतात. इतरांनी आपल्या संगणकाला येऊन जोडले जाणे तेवढे बंद राहते. मात्र ‘कॅन्सल’मुळे अडवणारा नियम मागे राहतो. पुढे काही चालेनासे झाले, तर ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ या यादीत तो प्रोग्राम शोधून खूण करावी.

बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्यांना ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव वारंवार दिसेल. ते विंडोजच्या अनेक सेवांचे सामायिक वाहन आहे. विंडोज अपडेट आणि संकेतस्थळांचे पत्ते शोधणे त्यातूनच होते, त्यामुळे ते सरसकट अडवू नये. जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सही करणारा छोटा प्रोग्राम संगणकाच्या आतल्याच १२७.०.०.१ या पत्त्यावरून ब्राउझरशी बोलतो. कडक नियमांमुळे तो अडला, तर त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी. ‘फायरवॉल बंद करून बघा’ हा सल्ला फोनवर अगदी सहज दिला जातो, आणि बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायची मात्र राहून जाते.

सहावी पायरी: तपासून पाहावे

इंटरनेटवरून पोर्ट तपासून देणारी संकेतस्थळे घरगुती जोडणीवर बहुधा राउटरची किंवा सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेची तपासणी करतात. संगणकावरच्या फायरवॉलबद्दल त्यातून फारसे कळत नाही. विंडोजमधील ‘रिसोर्स मॉनिटर’ अधिक उपयोगी आहे. त्यातील ‘नेटवर्क’ टॅबवर ‘लिसनिंग पोर्ट्स’ हा भाग उघडला की कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर वाट पाहत आहे आणि फायरवॉलने त्याला परवानगी दिली आहे की नाही, हे एकाच ओळीत दिसते. ३३८९ हे पोर्ट तेथे दिसले आणि आपण रिमोट डेस्कटॉप (दुसरीकडून आपला संगणक चालवण्याची सोय) वापरत नसू, तर ती सोयच सेटिंगमधून बंद करावी. काढून टाकलेल्या प्रोग्रामांचे जुने नियम दर दोन-तीन महिन्यांनी ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मधल्या ‘इनबाउंड रूल्स’मधून पुसावेत. नियमांचा फारच गोंधळ झाला असेल, तर ‘रिस्टोअर फायरवॉल्स टू डीफॉल्ट’ हा पर्याय आहेच.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे त्रुटींवरच्या दुरुस्त्यांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नव्याने सापडणाऱ्या त्रुटी कोणतीही फायरवॉल दुरुस्त करू शकत नाही, म्हणून अशा संगणकासाठी नव्या फायरवॉलवर पैसे घालण्याऐवजी आधी विंडोज ११ कडे किंवा लिनक्सकडे जाण्याचा विचार करावा. आणि रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते न वापरता वेगळे ‘स्टँडर्ड’ खाते तयार करावे. मग त्या खात्यावर चुकून चाललेल्या प्रोग्रामला प्रशासकाचा पासवर्ड मिळाल्याशिवाय फायरवॉलचा एकही नियम बदलता येत नाही.